साय करणाऱ्याची

डोरीनबाईंच्या घरात खिरीवरची साय जिनं खीर केली तिची. पाहुणा आलेला असो, लेक आलेली असो, की नवरा उपाशी बसलेला असो. हा नियम त्यांच्या आईचा होता, आईला तो तिच्या आईकडून आला होता, आणि मधल्या काळात तो बदलावा असं कुणाला वाटलं नव्हतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे खायला बसले तेव्हा बाईंनी भांड्यावरची तपकिरी साय चमच्यानं एका कडेनं सोडवली, अख्खी उचलली आणि आमच्यादेखत आपल्या वाटीत घेतली. मग आम्हाला खालची खीर वाढली.

माझ्या माहेरी एक म्हैस होती. साय भावाची. भाऊ नसेल तर वडलांची. दोघं नसतील तर झाकून ठेवायची. पाहुण्यांसमोर करणारणीनं स्वतः साय खाल्लेली मी तोवर बघितली नव्हती. मी नातीकडे बघितलं. ती खाली मान घालून खीर खात होती.

हे सगळं सेम्बावांगमधलं, परदेशातल्या एका गोदीजवळच्या वस्तीतलं. माझी लेक वर्षा आणि जावई दोघं कॉम्प्युटरच्या नोकरीत, घरी यायला सात वाजतात. नात इरा शाळेतून आली की घरात कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला इथे आणलं. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. त्याच कॉरिडॉरच्या टोकाला डोरीनबाई राहायच्या. त्यांचा नवरा रॉन इथल्या गोदीत जहाजांची इंजिनं बघायचा. तो वारून बरीच वर्षं झाली होती. एक लेक, हेलन, तिकडे इंग्लंडात. बाईंनी परत जायचं नाकारलं होतं. विचारलं की म्हणायच्या, माझा ओव्हन इथे आहे.

बाई उंच, हाडापेरानं मोठ्या. पांढरे केस कानाशी कापलेले. फुलांचा झगा आणि त्यावर एप्रन. एप्रन नसलेल्या बाई मी एकूण चार वेळा बघितल्या. त्यातल्या तीन या लिहिण्यात येतील. चौथ्या वेळी त्या फक्त बँकेत चालल्या होत्या.

आमची ओळख दूध उतू गेल्यामुळे झाली. इथलं खोक्यातलं दूध मी तासभर आटवलं तरी त्यावर साय धरत नव्हती. मला वाटलं आच कमी पडते, म्हणून वाढवली, आणि पाठ वळवली. करपलेला वास कॉरिडॉरभर गेला. दार वाजलं. बाहेर बाई, हातात लाकडी चमचा. त्या बराच वेळ बोलल्या. मला इंग्रजी येत नव्हतं आणि इरा आंघोळीला गेली होती. त्या ओसरीवर बसल्यासारख्या आमच्या दाराशी चपलांच्या फळीवर बसून राहिल्या. इरा बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. इरा म्हणाली, "आजी, ती म्हणते चूक तुझी नाही. दूध मूर्ख आहे. फॅक्टरीत ते इतकं घुसळतात की त्यातलं क्रीम घाबरतं आणि वर येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात नेलं आणि फ्रीजपुढे उभं केलं. एकेक खोकं उचलून, मागचं बारीक वाचून, नाक मुरडून परत ठेवत. शेवटी एका कोपऱ्यातली बाटली काढली. तिच्या गळ्याशी पिवळट रेघ होती. ती रेघ बोटानं दाखवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला भाषेची गरज पडली नाही. ती साय होती.

त्या दिवसापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात जायला लागले. माझं नाव सुलोचना. बाईंनी त्यातलं पहिलं अक्षर घेतलं आणि बाकीचं परत केलं. मला त्या सू म्हणायच्या.

इरा असली की ती मधे बोलायची. ती चौथीत होती. मीही चौथीपर्यंत शिकलेली, पण तिची चौथी वेगळी. ती नसली की बाई इंग्रजीत बोलायच्या आणि मी मराठीत, आणि दोघींची कामं होत राहायची. एकदा वर्षानं काळजीनं विचारलं, आई, तुम्ही दोघी बोलता तरी काय? इरानं हे बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, रॉन आणि मी चाळीस वर्षं एकाच भाषेत बोललो, त्याचा विशेष उपयोग झाला नाही.

बाईंचं सगळं दूध, लोणी, क्रीम आणि चीज यांच्यावर चालायचं. तिकडे डेव्हन म्हणून एक मुलूख आहे, तिथल्या त्या. घरी तीन गाई. दूध रुंद परातीत ओतून सगळ्यांत बारीक आचेवर दिवसभर ठेवायचं, ढवळायचं नाही, उकळू द्यायचं नाही, मग निवू द्यायचं. वर जाड पिवळा थर येतो, तो कालथ्यानं काढायचा. ते क्रीम त्या गरम पावासारख्या बिस्किटावर घालून खायच्या. आधी क्रीम आणि वरून जॅम. शेजारच्या मुलुखात म्हणे आधी जॅम लावतात. त्या लोकांबद्दल बाई काही वाईट बोलायच्या नाहीत, फक्त त्यांची नावं घ्यायच्या नाहीत.

डॉक्टरनं त्यांना लोणी कमी करायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, रॉन लोणी खायचा आणि सिगरेट ओढायचा, आणि तो सिगरेटनं गेला. म्हणजे लोण्याची तपासणी झालेली आहे.

इथलं खाणं त्यांना परकं नव्हतं. रोज सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, जाऊन त्या काया टोस्ट खायच्या. त्यात पावाच्या दोन पातळ कापांमधे नारळाचा गोड मुरंबा आणि फ्रीजमधल्या लोण्याची जाड वडी असते. लोणी लावलेलं नसतं, ठेवलेलं असतं. ही गोष्ट त्यांना फार पटली होती. मला एकदा सोबत नेलं तेव्हा टोस्ट उघडून ती वडी दाखवली आणि म्हणाल्या, "बघ. मी या देशात का राहिले, तर हे." मग शेजारच्या कॉफीकडे बघितलं, त्यात डब्यातलं दूध होतं, आणि म्हणाल्या की कुठलाच देश पूर्ण नसतो.

त्यांनी माझ्याकडून पहिलं काम करून घेतलं ते फ्लॉवर-चीजचं. पातेल्यात लोणी वितळवून त्यात मैदा भाजायचा, मग थोडं थोडं दूध घालत ढवळायचं. दूध आणायला त्या फ्रीजकडे वळल्या आणि चमचा माझ्या हातात दिला. मी ढवळलं. माझ्यापुरतं ते दुधातलं पिठलं होतं. गुठळी होऊ द्यायची नाही, एवढंच. बाई परत आल्या, पातेल्यात डोकावल्या, चमच्याची पाठ बघितली, पुन्हा पातेल्यात डोकावल्या. हेलनला हे शिकवायला मला सहा वर्षं लागली, म्हणाल्या. मग किसलेलं चीज, चमचाभर मोहरी वाटलेली, उकडलेला फ्लॉवर, वरून आणखी चीज, आणि ओव्हन. मी दोनदा ओव्हनचं दार उघडून बघितलं. तिसऱ्यांदा बाई दार आणि माझ्यामधे उभ्या राहिल्या. इरानं सांगितलं, "आजी, ती म्हणते झोपलेल्या बाळाला उठवून विचारतात का, तू झोपलास का?"

मीही त्यांना एक गोष्ट दिली. त्यांच्या वाढदिवसाला मी दोन पाकिटं लोणी आणून कढवलं आणि तूप करून नेलं. पाकिटावरचं वाचता येत नसल्यामुळे ते मिठाचं लोणी निघालं. तूप खारट झालं. बाईंनी बाटली उघडली, वास घेतला, आणि विचारलं की चांगलं लोणी तू मुद्दाम जाळलंस का. पण ते टाकलं नाही. त्यात बटाटे भाजले. मग बटाट्यांसाठी मला दर महिन्याला मिठाच्या लोण्याचं तूप करायला लावलं. पातेल्याच्या तळाची बेरी साखर घालून दिली तर उभ्याउभ्या खाल्ली आणि ही गोष्ट इतके दिवस लपवून ठेवल्याबद्दल माझ्याशी दुपारभर बोलल्या नाहीत.

एका बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. ती म्हणजे तांदळाची खीर. त्या तिला राइस पुडिंग म्हणायच्या. पांढऱ्या मुलाम्याचं, निळ्या काठाचं एक खोलगट भांडं होतं, ते त्यांच्या आईचं. त्यात मूठभर जाडा तांदूळ, दूध, साखर, वर लोण्याचे तुकडे, किसलेलं जायफळ. मंद ओव्हनमध्ये अडीच तास. हात लावायचा नाही. खीर न ढवळता होते हे मला पटायला वर्ष गेलं. पण जायफळाचं कधीच पटलं नाही. जायफळ पुरणात, श्रीखंडात. तांदळाच्या खिरीत वेलदोडा. मी घरून वेलदोड्याची पूड एका डबीत भरून नेली. बाईंनी हुंगली. म्हणाल्या, हा वास छान आहे, आंघोळीला. पण डबी फेकली नाही. मसाल्याच्या फळीवर जायफळाशेजारी ठेवली. ती तिथे चार वर्षं होती. दर मंगळवारी खीर व्हायची आणि दर मंगळवारी मी त्या डबीकडे बघायची. बाई म्हणायच्या, "नो, सू." मी काही बोललेली नसायची.

मग बाई विसरायला लागल्या.

सुरुवातीला हसण्यासारखं होतं. लोण्याचं भांडं कपड्यांच्या कपाटात सापडलं. एका आठवड्यात चार फ्लॉवर आले. त्या म्हणाल्या, फ्लॉवर स्वस्त होता. नव्हता. मग एका दुपारी त्यांनी दूध ठेवलं आणि खाली टोस्ट खायला गेल्या, दिवसातला दुसरा. दूध आटलं, जळलं, पातेलं काळं पडलं, धूर कॉरिडॉरमध्ये आला. समोरच्या चिनी आजीनं आरडाओरडा केला, वॉचमन आला, कुणीतरी हेलनचा नंबर शोधला.

हेलनचा फोन आला. तिचं म्हणणं असं होतं की ती एक आठवडा येऊन बघेल. आई एकटी राहू शकते असं वाटलं तर ठीक. नाहीतर तिच्या गावाजवळ म्हाताऱ्या माणसांची एक चांगली जागा आहे, तिथे आईला नेईल. बाईंनी त्या जागेबद्दल एकच चौकशी केली. तिथे कस्टर्ड कशाचं करतात? हेलननं प्रामाणिकपणे विचारून सांगितलं की पाकिटातल्या पुडीचं, पाणी घालून. बाईंनी फोन ठेवला आणि इराला म्हणाल्या, "सूला सांग, हेलन यायची आहे. मला इथून न्यायला. मी जाणार नाही."

हेलन आली. आईसारखीच उंच, पण सावकाश बोलणारी, चांगली मुलगी. आल्या आल्या तिनं घरात काही उघडून बघितलं नाही. पण सगळं बघत होती ते कळत होतं. आठवडाभर बाई सांभाळून होत्या. फळीवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या हेलन आली की काढून एप्रनच्या खिशात ठेवायच्या. मधल्या रविवारी त्यांनी दुपारचं जेवण ठरवलं. हेलनच्या लहानपणचं, फ्लॉवर-चीज, भाजलेले बटाटे आणि राइस पुडिंग. मला आणि इराला बोलावलं. मला जरा आधी, मदतीला.

हेलन खाली फिरायला गेली होती. बाईंनी खिरीचं भांडं भरलं, ओव्हनमध्ये ठेवलं, एप्रन काढला आणि कपडे बदलायला आत गेल्या. एप्रन नसलेल्या बाई ही पहिली वेळ.

मी ओटा पुसायला घेतला. साखरेची बरणी जिथल्या तिथे होती. आदल्या दिवशी इरानं तिच्यात नवी पिशवी ओतली होती, काठोकाठ. वर शीग तशीच होती. मी झाकण लावलं. पुन्हा काढलं. शीग होती.

आत बाई कपाटाचं दार लावत होत्या. मी आयुष्यात कुणाच्या शिजत्या भांड्यात हात घातला नव्हता. सासूच्या नाही, लेकीच्याही नाही. ओव्हनचं दार उघडलं, भांडं बाहेर ओढलं, तीन चमचे साखर घातली, ढवळलं, आत ढकललं आणि दार लावलं. सगळं मिळून मिनिटभर. मग मला वास आला. वेलदोड्याचा. डबी माझ्या डाव्या हातात होती, उघडी. पन्नास वर्षं तांदळाच्या खिरीत साखर घातली की पुढची चिमूट वेलदोड्याची. हातानं डोक्याला विचारलं नव्हतं.

बाई निळा झगा घालून बाहेर आल्या. वास त्यांना आला नाही, किंवा फ्लॉवरवरच्या चीजच्या वासात मिसळून गेला. मी डबी जागेवर ठेवली आणि ओटा पुसत राहिले. तो ओटा त्या दिवशी चार वेळा पुसला गेला.

जेवण चांगलं झालं. हेलननं फ्लॉवर दोनदा घेतला. मग खीर आली. बाईंनी नियमाप्रमाणे साय उचलून आपल्या वाटीत घेतली आणि हेलनला वाढलं. हेलननं एक चमचा खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला.

"मम," ती म्हणाली, "यात वेलची आहे?"

इरानं हे माझ्यासाठी मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. मी फ्लॉवरच्या रिकाम्या भांड्याकडे बघत होते.

बाईंनी सायीचा तुकडा तोंडात घातला. चघळला. घाई केली नाही. मला वाटलं आता त्या फळीकडे बघतील. त्या हेलनकडे बघत होत्या.

"सू मला शिकवते," त्या म्हणाल्या. "माणसाला एक्क्याऐंशीव्या वर्षी काही नवीन शिकता येतं, असं मला वाटतं. का तुमच्या त्या जागेत त्याला मनाई आहे?"

हेलन हसली. म्हणाली, नाही, छान लागतंय. आणि त्या क्षणी ती सैल झाली, ते मला समोरून दिसलं. जी आई जन्मभर खिरीत जायफळाशिवाय काही घालू देत नव्हती ती आता नवीन शिकते आहे म्हटल्यावर तिची काळजी मिटली. बुधवारी ती एकटीच परत गेली.

गुरुवारी बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. खुर्चीवर बसल्या होत्या, एप्रन घालून. इराला म्हणाल्या, तिला विचार, रविवारी साखर मी घातली होती का.

मी म्हणाले, हो सांग.

इरा इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "शी सेज यू पुट, लाह."

बाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून बोलत राहिल्या आणि इरा मागून सांगत राहिली. त्यांचं म्हणणं असं. मी स्वतःच्या हातानं खिरीत वेलदोडा घालेन, असा दिवस अजून आलेला नाही. म्हणजे माझ्या भांड्यात दुसऱ्याचा हात गेला. सू दुसऱ्याच्या भांड्यात हात घालणारी नाही, ती चार वर्षं त्या डबीकडे नुसती बघते. मग ती का घालेल? काहीतरी मोठं राहिलं असेल तर. तांदूळ होता, दूध होतं. राहिली ती साखर.

मी खाली बघितलं. ते पुरलं.

बाईंनी एप्रन मांडीवर सारखा केला. मग म्हणाल्या, "वेलदोड्याबद्दल मी तुला माफ केलं. साखरेबद्दल नाही." त्या मला रागावल्या नव्हत्या. हिशेब मांडल्यासारखं सांगत होत्या. आज साखर राहिली, उद्या गॅस राहील. मी जळून गेले तर ठीक आहे, माझं सगळं खाऊन झालं आहे. पण वर पाच मजले आहेत. आठव्यावर बाळ आहे. त्यानं काय केलंय? म्हणून आता असं करायचं. मी इथे राहणार. दर मंगळवारी खीर करणार. सूनं खायला यायचं. ज्या दिवशी साखर नसेल त्या दिवशी तिनं मला सांगायचं. आत घालायची नाही, झाकायचं नाही. तोंडानं सांगायचं. मग मी हेलनला फोन करीन.

"तिला विचार, कबूल आहे का."

इरानं विचारलं. मी मान हलवली. बाई म्हणाल्या, मान नको. मी म्हणाले, "येस." तो मी त्यांच्याशी बोललेला पहिला इंग्रजी शब्द.

त्यानंतर मंगळवार सुरू झाले. त्याआधीही मंगळवार होतेच, पण त्यांत मला काही करायचं नसायचं. आता मी दुपारी जायची, वाटी समोर घ्यायची, आणि बाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी पहिला घास घ्यायची. गोड लागायचं. मी मान हलवायची. मग त्या आपली साय खायला लागायच्या. घरी वर्षा म्हणायची, आई, मंगळवारी तुला भूक का नसते? मी सांगितलं, उपास करते. ती म्हणाली, कशाचा? मी भांडी घासायला घेतली.

एकदा मी ठरवलं होतं की बरणीकडे आधी बघून घ्यायचं आणि शीग मोडलेली नसेल तर हळूच सुचवायचं. बाईंना माझी नजर दिसली असावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी साखर काळ्या डब्यात ओतून ठेवली.

असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत चिठ्ठ्या वाढल्या. गॅसच्या बटणावर लाल चिकटपट्टी आली. बाई मला कधी सू म्हणायच्या, कधी नुसतं बघायच्या आणि मग सू म्हणायच्या. टोस्टवाला त्यांना न विचारता टोस्ट द्यायला लागला आणि दुसऱ्यांदा आल्या तर गोड बोलून वर पाठवायला लागला. पण खीर दर मंगळवारी बरोबर यायची. त्यांच्या हातात ती पक्की बसली होती. मला वाटायला लागलं होतं की ती अशीच येत राहील.

तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच होता. इरा शाळेत होती. साय छान तपकिरी धरली होती, कडेला जराशी करपलेली, बाईंना आवडायची तशी. त्यांनी ती उचलली, मला वाढलं, बसल्या. मी पहिला घास घेतला.

तांदूळ मऊ होता. दूध आटून घट्ट झालं होतं. जायफळ होतं.

मी दुसरा घास घेतला. मग तिसरा. वाटलं, तळाशी असेल. तळाशी नव्हती. बाई बघत होत्या. मी गिळलं. वाटी संपवून मान हलवावी, घरी जावं, आणखी एक मंगळवार मिळेल, असं मनात येऊन गेलं. समोर खिडकी होती. वरच्या मजल्यावरच्या बाळाचं दुपटं दांडीवरून त्या खिडकीपुढे लोंबत होतं.

मधे बोलायला कुणी नव्हतं. शब्द दोन्ही मला येत होते. दुकानात रोज बघून चित्रांखालचे एवढे शब्द एव्हाना वाचता यायला लागले होते.

"नो शुगर," मी म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला, माझ्या वाटीतला चमचा घेतला, चव बघितली. मग आपल्या सायीचीही बघितली. मान हलवली. "क्वाइट राइट," म्हणाल्या. आणि मग, "थँक यू, सू."

त्या उठल्या. गॅसचं बटण तपासलं. एप्रनची गाठ सोडली, तो घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि फोनकडे गेल्या. ही दुसरी वेळ. फोनवर फार बोलल्या नाहीत. मला हेलनचं नाव कळलं, राइस कळलं, आणि शेवटी कस्टर्ड कळलं. परत आल्या, काळ्या डब्यातून साखर काढली, माझ्या वाटीवर भुरभुरली, स्वतःच्याही. वरून घातलेली साखर विरघळत नाही, दाताखाली येते. आम्ही ती तशी खाल्ली. बाईंनी साय संपवली.

हेलन पंधरा दिवसांनी आली. ओव्हन एका माणसाला दिला, पलंग दुसऱ्याला. जायफळ आणि त्याची छोटी किसणी बाईंनी स्वतःच्या हातपिशवीत ठेवली आणि हेलननं विचारलं तरी बाहेर काढली नाही. पाकिटातल्या कस्टर्डवर किसायला होईल, एवढंच म्हणाल्या. निळ्या काठाचं भांडं मला दिलं. दिलं म्हणजे आमच्या दाराशी चपलांच्या फळीवर आणून ठेवलं आणि परत गेल्या.

जायच्या दिवशी सकाळी मी त्या भांड्यात खीर केली. आमच्याकडे वर्षानं केकसाठी घेतलेला ओव्हन होता. बाटलीतलं दूध, जाडा तांदूळ, साखर. साखर मी मोजून घातली आणि इराकडून चाखवून घेतली. जायफळ घातलं. वेलदोडा घातला नाही. अडीच तास दार उघडलं नाही.

बाई आमच्याकडे टेबलाशी येऊन बसल्या. प्रवासाचा कोट घातला होता. एप्रनशिवाय, तिसरी वेळ. त्यांचा तो दिवस फारसा चांगला नव्हता. इराला दोनदा त्यांनी हेलन म्हटलं आणि हे कुणाचं घर आहे असं हलक्या आवाजात विचारलं. इरानं सांगितलं, "माझ्या आजीचं." बाईंनी मान डोलावली आणि घर चांगलं आहे म्हणाल्या.

मी भांडं समोर ठेवलं. साय धरली होती. मी चमचा त्यांच्यापुढे केला. मला वाटलं, आज त्यांचीच. त्यांचं भांडं, त्यांची खीर, शेवटचा दिवस.

एवढ्यात खाली टॅक्सी आल्याचा फोन वाजला आणि हेलन घाईनं उठली. बाई उठल्या नाहीत. त्यांनी चमचा घेतला, साय एका कडेनं सोडवली, अख्खी उचलली. ती फाटली नाही. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

इरानं माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी साय माझ्या वाटीत ठेवली. खालची खीर स्वतः चमचाभर घेतली, चाखली आणि हातपिशवी उचलून हेलनच्या मागे गेल्या.

मी कॉरिडॉरच्या कठड्याशी उभी राहिले. खाली हेलन बॅगा ठेवत होती. बाई टॅक्सीत पुढच्या सीटवर बसल्या आणि ड्रायव्हरला हातानं रस्ता दाखवायला लागल्या, डावीकडे, मग सरळ. वर बघितलं नाही. टॅक्सी उजवीकडे वळून गेली.

मी आत आले. इरानं विचारलं, "आजी, मला थोडी साय देतेस?"

मी तिला खालची खीर वाढली. साय मी खाल्ली.